निमसोंडीची जांभई

हा समोर जो दगडी दरवाजा दिसतो, त्याला आमच्या निमसोंडी गावात नगारखाना म्हणतात. नगारा मात्र त्यावर कधी चढला नाही. दोन खांब आहेत, वर कमान आहे, उजव्या अंगाला जिना आहे आणि जिना जिथं संपतो तिथं काहीच नाही, उघडं आभाळ आहे. नवखा माणूस वर जातो, इकडंतिकडं बघतो आणि खाली येतो. एरवी तिथं शेळ्या बसतात.

तुम्ही आलात तो दिवस बरा निवडलात. मार्गशीर्षातला पहिला बाजार. मघाशी भैरोबाच्या देवळात घंटा झाली आणि वांगी विकणाऱ्यापासून बांगड्या भरणाऱ्यापर्यंत सगळ्यांनी हातातलं काम थांबवून या दरवाजाकडं तोंड केलं आणि मोठी जांभई दिली, ते तुम्ही पाहिलं. आधी बायकांनी, मग पुरुषांनी. तुमच्यातल्या काहींनी फोनवर घेतलं, काहींना हसू फुटलं आणि हसता हसता तुम्हालाही जांभई आली. त्यात काही वावगं नाही. इथं कुणी रागावत नाही. पण बसा थोडं या पारावर. कशापायी देतात ते ऐकून घ्या. मी ऐकलंय तसं हळू आवाजात सांगतो. गुरवांच्या घरात थोडं वेगळं सांगतात, कुंभारांच्या घरात आणखी वेगळं.

तेव्हा इंग्रजांचं राज्य लांब होतं आणि संस्थानाचे दिवाणही लांबच होते. जवळ होते ते जहागीरदार. सुभानराव त्यांचं नाव. माणूस फार वाईट होता असं कुणी सांगत नाही. त्याला स्वतःचं नाव ऐकायला आवडायचं, एवढंच म्हणतात. दर बाजारी दुपारी एक भाट इथं उभा राहून त्याची बिरुदावली म्हणायचा आणि ती संपेपर्यंत सगळ्या बाजारानं हात जोडून उभं राहायचं. तराजू खाली ठेवायचा, दूध उतू जात असलं तरी चुलीकडं बघायचं नाही. भाटाचा आवाज खाली राहतो, लांबच्या गावांना ऐकू जात नाही, म्हणून सुभानरावानं नगारखाना बांधायला काढला. वर नगारा वाजेल, त्यामागून बिरुदावली होईल आणि पंचक्रोशी ऐकेल.

बांधायला माणसं लागली ती वेठीची. दर घरातून एक माणूस. भाकरी घरची, अंगातलं बळ घरचं. उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत खाणीतला दगड ओढायचा, माती वाहायची. शेत पडलं तर पडलं, माग थांबला तर थांबला. शिपाई दारात येऊन काठी आपटायचा आणि नाव घ्यायचा. त्यापुढं बोलणं नव्हतं.

सणगरआळीत तेव्हा कोंडाई नावाची म्हातारी राहायची. सणगर म्हणजे घोंगड्या विणणारे. तिला एकच मुलगा, सिदबा. त्याची बायको भिवरा. घरात एक माग, दाराशी लोकरीचा ढीग आणि धाग्याला लावायची चिंचोक्याची खळ शिजवायचं मडकं. सिदबा विणायचा, भिवरा लोकर पिंजायची, कातायची. कोंडाई दोघांना बोलत बसायची. तिचं तोंड भारी होतं म्हणे. नक्कल अशी करायची की ज्याची केली तोसुद्धा हसायचा. कारभाऱ्याची चाल, भाटाचा घसा, भैरोबाच्या गुरवाचं पळीनं तीर्थ देणं, सगळं तिला यायचं. नवराबायको दोघंही कमी बोलणारी. कोंडाई म्हणायची, "या घरात मी न्हाई बोलले तर भिंतीला बुरशी लागंल."

सणगरांच्या घरातून वेठीला सिदबा जायचा. अंगानं थोराड, म्हणून त्याला मोठ्या दगडांवर लावलं होतं. लाकडी ओंडक्यांवरून दगड उतारानं वर चढवायचा, पुढून दोर ओढायचे, मागून पहारी लावायच्या. सिदबा मागं होता. दोर तुटला. दगड उलटा आला.

पुढचं सांगताना जुनी माणसं आवाज चढवत नसत, मीही चढवत नाही. दगड बाजूला केला, सिदबाला उचलून नेलं आणि मुकादम म्हणाला, मुहूर्त टळेल, दगड बसवून घ्या. तोच दगड त्याच दिवशी बसवला. कुणी म्हणतं तो डाव्या खांबात आहे, कुणी म्हणतं जिन्याच्या बुडाशी. तुम्ही विचाराल म्हणून आधीच सांगतो. कुणालाच माहीत नाही. दगड सगळे सारखेच आहेत.

माती झाली. आळीतल्या बायका भिवराला धरून रडायला आल्या. तशी रीत आहे, विधवेला रडवावं लागतं, नाहीतर दुःख आत गोठतं म्हणतात. त्यांनी सिदबाचं नाव घेऊन गळा काढला, त्याचं धोतर तिच्या मांडीवर ठेवलं. भिवरा धोतराकडं बघत राहिली. मग तिनं त्याची घडी घातली आणि कोपऱ्यात ठेवलं. एकीनं तिच्या पाठीत थापटी मारली, "आगं रड की गं बाये, रड." भिवरा म्हणाली, "रडते की," आणि तशीच बसून राहिली.

कोंडाईही रडली नाही. ती वेगळ्या तऱ्हेनं. भेटायला आलेल्या माणसांपुढं तिनं मुकादमाची नक्कल केली. "मुहूर्त टळंल, मुहूर्त टळंल," असं म्हणत घरभर कमरेवर हात ठेवून चालली. कुणाला हसावं कळेना, कुणाला उठून जावं कळेना. लोक म्हणाले, म्हातारीचं डोकं फिरलं.

भिवरा मागावर बसली. बायका सहसा मागावर बसत नसत, पण सिदबाचं घोंगडं अर्धं राहिलं होतं. जेवायला दिलं तर जेवायची. विचारलं तर उत्तर द्यायची. हाताला धोटा लागला, रक्त आलं, तर ते पुसून पुढं विणायची. फक्त झोप गेली. डोळे मिटायची, पण झोप यायची नाही, आणि झोपेच्या जागी जांभया यायच्या. विणताना, पाणी भरताना, चुलीपुढं. एकामागून एक, मोठ्या, कान दुखतील अशा.

दहावा झाला आणि शिपाई दारात काठी आपटायला आला. घरातून एक माणूस.

कोंडाई म्हणाली, "आमचा माणूस तुमच्या खांबात गेला की रं."

शिपाई गावातलाच होता. खाली मान घालून म्हणाला, "आये, मला काय इचारती? घर म्हटल्यावर माणूस द्यावा लागतो."

भिवरानं पदर खोचला आणि त्याच्या मागं निघाली. त्या दिवसापासून ती मातीची पाटी डोक्यावर घेऊन रोज या दरवाजापाशी येऊ लागली, पाटी रिकामी करून परत जाऊ लागली. तिला तो दगड ओळखता येत असणार. पण तिनं तो कुणाला दाखवला नाही.

आता ही जी घटना तुम्ही मघाशी पाहिली, तिची सुरुवात अशी झाली.

बाजाराचा दिवस होता. दुपारी भाट उभा राहिला. सगळा बाजार हात जोडून उभा. वेठीची माणसं पहिल्या ओळीत, त्यात भिवरा. भाटानं सूर लावला, गरिबांचा कनवाळू, रयतेचा मायबाप, असं सुरू झालं, आणि 'मायबाप'वर भिवराला जांभई आली. लहान नव्हे. तोंड पुरतं उघडलं, घशातून लांब आवाज आला, डोळ्यांत पाणी आलं. भाट तिच्याकडं बघत होता. त्यानं पुढची ओळ म्हणायला तोंड उघडलं आणि त्यालाच जांभई आली. सूर मध्येच रुंद होऊन विरघळून गेला. बाजारात कुणीतरी फिस्सकन हसलं.

सुभानरावाचा कारभारी बाबाजीपंत पुढं आला. "कुणाची टिंगल करतेस?"

"टिंगल न्हाई. जांभई आली."

"बंद कर."

"व्हत न्हाई," भिवरा म्हणाली, आणि तिला आणखी एक आली.

बाबाजीपंतानं तिच्या तोंडाला फडकं बांधायला लावलं आणि तिला या जिन्याच्या टोकावर उभं केलं. सगळ्या बाजारानं बघावं, बिरुदावलीत तोंड उघडलं तर काय होतं. ऊन होतं. ती उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, लाज नव्हती. फडक्याखाली तोंड उघडायचं तसं ते फडकं फुगायचं, आत ओढलं जायचं, पुन्हा फुगायचं. खालून बघणाऱ्याला कळायचं, आली, आली. आणि बघता बघता त्यालाही यायची. आधी एका तेलिणीला आली. मग तिच्या शेजारच्या मिठाच्या व्यापाऱ्याला. मग ओळीनं. पहारा देणाऱ्या शिपायानं दात ओठ आवळले, मान वळवली, नाकानं श्वास घेतला आणि शेवटी काठीवर हनुवटी टेकून अशी जांभई दिली की पागोटं मागं पडलं.

बाजार हसला. असं सांगतात की त्या दरवाजाचं काम सुरू झाल्यापासून निमसोंडी प्रथम हसली. जिन्यावर भिवरा हसली नाही. ती वरून खाली बघत होती, जसं माणूस विहिरीत बघतं.

कोंडाई गर्दीत होती. तिनं हे सगळं पाहिलं आणि त्या दिवशी घरी जाताना ती कुणाची नक्कल करत नव्हती म्हणे.

दुसऱ्या दिवशी ओढ्यावर धुणं धुताना तिनं बायकांपुढं गोष्ट काढली. वेठीला नाही म्हणायचं तर घरातल्या पुरुषाची पाठ फुटते. गाऱ्हाणं घालायचं तर जीभ जाते. "पर जांभईत शबूद कुठं हाय?" ती म्हणाली. "बोललं काय म्हणून धरतील? हसलं म्हणून? हसू कुठंय? आन् जांभई आली त्ये खरी का खोटी, भैरोबालाबी न्हाई कळायचं."

एक बाई म्हणाली, "न्हाई आली तर?"

"भिवरीकडं बघा. येती."

पुढच्या बाजारी भाटानं तोंड उघडलं आणि सगळ्या बायकांनी तोंड उघडलं. त्याच्या पुढच्या बाजारी पुरुषांनी. भाट तीन ओळींपुढं जाईना. मग भाट बदलला. नवा भाट शेजारच्या गावचा, मोठ्या छातीचा, त्यानं डोळे मिटून म्हणायचं ठरवलं. पण जांभईला आवाजही असतो. बाजारभर तो आवाज घुमायला लागला तसा भाट डोळे मिटल्या मिटल्या जांभई देऊ लागला, आणि मग, हे कुंभार लोक शपथेवर सांगतात, उभ्या उभ्या झोपला.

सुभानरावाच्या हुकुमानं दवंडी निघाली की बाजारात जांभई देईल त्याला सजा होईल. दवंडी पिटणारा हलगीवाला गावाच्या चारही वेशींवर गेला. 'जांभई' हा शब्द असा आहे की मोठ्यानं उच्चारला तर अर्धी जांभई तोंडातच तयार होते. पहिल्या वेशीवर त्याला एक आली. चौथ्या वेशीवर पोचेपर्यंत हुकूम सांगणं आणि जांभई देणं यात फरक राहिला नाही. लोक दारात उभे राहून ऐकत होते, मान डोलावत होते आणि त्याला उत्तर म्हणून जांभई देत होते.

इथपर्यंत सगळे हसून सांगतात. पुढचं पटकन सांगून टाकतात.

सजा झाली. गुंडा कुंभार म्हणून एक माणूस होता, त्याला धरलं. त्याच्या हातात मडकं होतं, ते खाली ठेवायलाही वेळ दिला नाही. देवळासमोर बांधून फटके मारले. पाठ उसवली. घोंगड्यावर पालथा टाकून त्याला घरी आणला, आणि त्या संध्याकाळी आळीतली चार कर्ती माणसं कोंडाईच्या दारात आली.

"आये, तुजा खेळ झाला," ते म्हणाले. "पाठ गुंडाची गेली."

कोंडाई तशीच उठून गुंडाच्या घरी गेली. गुंडा पालथा पडला होता. त्याची बायको हळद लावत होती. कोंडाई उंबऱ्याशी उभी राहिली, तिला आत यायचा धीर होईना. गुंडानं मान वळवून बघितलं.

"ये आये," तो म्हणाला. "तुला सांगायचं हुतं. मारणारा शिपाई बी जांभई देत हुता. हात वर गेला की द्यायचा. म्हणून निम्मं फटकं वाकडं गेलं."

गुंडाच्या बायकोनं हळदीचा हात कपाळाला लावला आणि ती हसायला लागली, मग हसता हसता रडायला लागली. कोंडाईनं तिला धरलं. त्या दिवसापासून पुन्हा कुणी खेळ म्हणालं नाही, असं सांगतात.

घरी आल्यावर कोंडाईनं भिवराला विचारलं, "तू रागावलीस का माज्यावर?"

भिवरा विणत होती. "कशापायी?"

"तुज्या जांभईचा मी तमाशा केला."

"मला काय वाटत न्हाई, आत्ती."

"कशाचंच?"

भिवरानं धोटा थांबवला. विचार केला. "कशाचंच न्हाई. लोक हसत्यात ते दिसतं. गुंडाभावजींची पाठ दिसली. पर आतवर येत न्हाई काय."

कोंडाई म्हणाली, "वाटाया नको. नुसती संगं येत जा."

भिवरा म्हणाली, "येते."

मार्गशीर्ष लागला. दरवाजा कमानीपर्यंत आला होता, वरचा नगाऱ्याचा सज्जा तेवढा बाकी होता. तेव्हा वरून दिवाणसाहेब येणार असं कळलं. सुभानरावानं त्यांना सांगितलं होतं की रयतेनं आपल्या धन्यासाठी हौसेनं दरवाजा बांधलाय, एकदा येऊन नगाऱ्याचा मुहूर्त करा. वेठ धरायची तर ती रस्त्याला, बंधाऱ्याला, एवढीच संस्थानची परवानगी होती. जहागीरदाराच्या नगारखान्याला नव्हती. हे सुभानरावाला माहीत होतं. गावाला माहीत नव्हतं.

बाबाजीपंतानं आदल्या दिवशी आळ्याआळ्यांतून फिरून ताकीद दिली. उद्या ज्याच्या तोंडातून जांभई निघेल, त्याला गुंडाच्या दुप्पट. लहान, थोर, बाई, पुरुष कुणी बघणार नाही.

कोंडाईनं हात जोडले. "सरकार, उद्या एकबी जांभई कुणाला दिसायची न्हाई. माजा शबूद."

दिवाणसाहेब म्हणजे थकलेला म्हातारा माणूस होता म्हणे. बैलांच्या दमणीतून धुळीनं भरून आले. उतरले, पागोटं झटकलं आणि समोर बघितलं तर सगळा बाजार दोन्ही बाजूंना ओळी धरून हात जोडून उभा, आणि प्रत्येकाच्या तोंडाला फडकं बांधलेलं. बायकांनी पदराचे तुकडे बांधले होते, पुरुषांनी पागोट्याचे. कडेवरच्या पोरांच्याही तोंडाला चिंध्या. हलवायानं बांधलं होतं, न्हाव्यानं बांधलं होतं, भैरोबाच्या गुरवानं स्वतःला बांधून पुढं नंदीच्याही तोंडाला बांधलं होतं. पुढच्या ओळीत गुंडा कुंभार काठी टेकून उभा होता.

दिवाण दोन पावलं मागं सरले. त्यांना वाटलं पटकीची साथ आलीय.

"साथ आहे का गावात?" त्यांनी विचारलं.

सुभानराव म्हणाला, "नाही, नाही. रयत भोळी आहे. आदरापोटी बांधलं असेल."

दिवाण कोंडाईसमोर थांबले. सगळ्यांत म्हातारी तीच होती. "बाई, फडकं सोड. काय आहे हे?"

कोंडाईनं फडकं खाली ओढलं. "साथ न्हाई, साहेब. हुकूम हाय. आमच्या गावात जांभईला बंदी हाय. चुकून निघाली तर फटकं बसत्यात, म्हणून आमीच बांधून आलो. तुमाला तरास नको."

"जांभईला बंदी?" दिवाण म्हणाले. "का?"

"येती म्हणून."

"एवढ्या जांभया का येतात तुम्हाला?"

"झोप हुत न्हाई, साहेब. उजाडायच्या आत दगडाला जावं लागतं. दिस मावळला की घरची कामं. मग झोपायचं कवा?"

दिवाणांनी दरवाजाकडं बघितलं. "मला तर सांगितलं की हा तुम्ही हौसेनं बांधलाय."

'हौसेनं' हा शब्द निघाला आणि भिवरानं फडकं सोडलं. तिनं मुद्दाम केलं का, कुणी सांगू शकत नाही. तिला जांभई आली. उगवतीकडं तोंड करून, डोळे मिटून, आतून कुठून तरी खोलातून आली आणि निघतच राहिली. तिच्या शेजारचीनं फडकं ओढलं. मग पुढचीनं. ओळीच्या ओळी उघडत गेल्या. माणसं, पोरं, शिपाई, हलगीवाला. बाबाजीपंतानं दोन्ही हातांनी तोंड दाबलं तर ती त्याच्या नाकातून आली. सुभानरावालाही आली म्हणे. आणि शेवटी दिवाणसाहेबांना आली. त्यांनी उपरणं तोंडापुढं धरलं, पण सगळ्यांनी पाहिलं.

कुणी हसलं नाही. हसायची तयारी होती सगळ्यांची, पण जांभई संपली तसा बाजार एकदम शांत झाला.

दिवाणांनी भिवराकडं बोट केलं. कोंडाईला विचारलं, "हिचं काय झालं?"

कोंडाईकडं सगळ्याला उत्तर असायचं. तिनं तोंड उघडलं. काही आलं नाही. ती नुसतीच हात हलवत राहिली.

तेव्हा भिवरा बोलली. लोकरीचा भाव सांगावा तशा आवाजात बोलली. "माजं मालक दगड चढवत हुतं. दोर तुटला. त्यो दगड ह्यात बसीवलाय. तवापासून मला झोप येत न्हाई."

दिवाणांनी कोणता दगड ते विचारलं नाही. ते जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवायला गेले होते, तो त्यांनी मागं घेतला. सुभानरावानं आणवलेला नगारा दुसऱ्या गाडीतून उतरवला होता, तो परत गाडीत घालायला लावला. काम बंद, आणि निमसोंडीत यापुढं कुठल्याच कामाला वेठ धरायची नाही, असा हुकूम त्यांनी तिथंच उभ्या उभ्या दिला. सुभानरावाला ते काय बोलले हे कुणी ऐकलं नाही. दुपार व्हायच्या आत ते परत गेले.

सुभानरावाला की बाबाजीपंताला, सजा कुणालाच झाली नाही. हे तुम्हाला सांगायला हवं, कारण आता जत्रेत पोवाड्यासारखं सांगतात आणि शेवटी जहागीरदाराला तोफेच्या तोंडी देतात. तसं काही झालं नाही. सुभानराव पुष्कळ जगला. बाबाजीपंताचं घराणं अजून आहे, चांगली माणसं आहेत, मघाशी त्यांनीही जांभई दिली. गुंडाला शेवटपर्यंत नीट कूस बदलता आली नाही. सिदबा गेला तो गेलाच.

लोकांनी मात्र हलगी काढली. माणसं नाचायला लागली, गुलाल कुणी आणला देव जाणे. मिरवणूक बाजारातून सणगरआळीकडं निघाली, भिवराला आणि कोंडाईला खांद्यावर घ्यायला. पण त्या दोघी तिथं नव्हत्या. दिवाणांची गाडी हलली तशी भिवरा घराकडं चालू लागली होती, आणि कोंडाई तिच्या मागून.

घरी आल्यावर भिवरा मागापर्यंत गेली. खाली बसायला वाकली आणि बाजूच्या लोकरीच्या ढिगावर कलंडली. कोंडाईला वाटलं, भोवळ आली. ती जवळ गेली, नाकाशी हात धरला. भिवरा झोपली होती. तोंड थोडं उघडं, हात उशाशी, एक पाय मागापुढच्या पाय सोडायच्या खड्ड्यात लोंबलेला. कोंडाईनं तो पाय उचलून वर घेतला. ती जागी झाली नाही.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी हलगी आली.

कोंडाई धावत दारात आली आणि तिनं दोन्ही हात वर केले. कुणाला कळेना काय झालं. काही जणांना वाटलं, भिवरा गेली. मग तिनं आतल्या बाजूला मान करून, हात गालाखाली धरून दाखवला. झोपलीय.

हलगी थांबली. एवढा जमाव गल्लीत आलेला, मागून रेटा, पुढं जागा नाही, परत फिरायची सोय नाही. मग पुढच्या माणसानं चपला काढल्या. त्याच्या मागच्यानं काढल्या. सगळी मिरवणूक पायताणं हातात घेऊन सणगरआळीतून त्या दारावरून गेली, आणि आळीतल्या घरांतली माणसं सांगायची की फक्त धूळ हलल्याचा आवाज आला. जाणाऱ्यांनी दारात बसलेल्या कोंडाईला पाहिलं. पदराचा बोळा तोंडात कोंबून ती रडत होती. मुलासाठी प्रथमच. आवाज बाहेर पडू नये म्हणून पुढंमागं हलत होती. तिच्याजवळ कुणी थांबलं नाही. थांबलं असतं तर बोलावं लागलं असतं.

भिवरा किती झोपली यावर एकमत नाही. कुणी म्हणतं दुसऱ्या दिवशी उठली, कुणी म्हणतं थेट पुढच्या बाजारी. उठली, पाणी मागितलं, प्याली आणि सिदबाचं अर्धं राहिलेलं घोंगडं पुढं विणायला बसली. सासू-सुना पुढं पुष्कळ वर्षं राहिल्या. भिवरा नंतर रडली का, हसली का, हे सांगणारं कुणी राहिलं नाही. झोपायची मात्र, एवढं सांगतात.

तर आजही मार्गशीर्षातल्या पहिल्या बाजारी निमसोंडी या दरवाजाकडं तोंड करून जांभई देते, आणि जांभई झाली की गप्प होते. आता बघा, तुमच्या लक्षात आलं असेल, मघापासून कुणी ओरडून भाव सांगत नाही. बोटांनी दाखवतात, मान हलवतात. दूरच्या व्यापाऱ्यांनाही ठाऊक आहे. लेकरू रडलं तर आई त्याला ओढ्याकडं घेऊन जाते. दिवस मावळेपर्यंत असंच चालतं.

त्या बायका उठल्या बघा. त्या सणगरआळीकडं निघाल्यात. आळीत आता एकही माग राहिला नाही, घरंही सिमेंटची झाली. कोंडाईचं घर नेमकं कोणतं, यावरही दोघं भांडतात. म्हणून सगळ्या आळीतूनच असं अनवाणी जातात. तुम्हाला यायचं तर चला. चपला काढून हातात घ्या, आणि मी आता पुढं काही बोलणार नाही.